त्रैक्य शिकवायचं कसं: कोकणातल्या धर्मशिक्षकांसाठी

पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा आल्याचा सण. त्यानंतरचा पहिला रविवार पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव या श्रद्धेचा. ईस्टर मागेपुढे सरकतो तसा हाही १७ मे ते २० जूनच्या दरम्यान सरकतो; २०२६ साली तो ३१ मेला. कोकणात धर्मशिक्षणाला हे दिवस बरे. शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद, १ जूनपासून मासेमारीबंदी, होड्या ओढून शाकारलेल्या. एरवी समुद्रावर असणारे बापही या दिवसांत मागच्या बाकावर येऊन बसू शकतात. दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचा) वर्ग असो की संडे स्कूल, त्रैक्याचा धडा याच सुमारास घ्यावा.

तेरा वर्षांवरची मुलं, जास्तीत जास्त पंधरा जण आणि पाऊण तासाच्या दोन बैठका एवढं पुरतं. एकाच बैठकीत उरकायला गेलं की शिक्षक घाईने उपमेवर येतो आणि मुलांच्या डोक्यात तेवढी उपमाच राहते. सामान थोडंच लागतं: दोघांत एक मराठी बायबल, फळा, दोन रंगांचे खडू, दोन मेणबत्त्या, एक सोललेला नारळ, कोयता आणि पातेलं.

आकड्यापासून सुरुवात नको

"देव एक, पण तीन" असं फळ्यावर लिहिलं की मुलं गणितात शिरतात. मग शिक्षक १×१×१=१ काढून दाखवतो. हे टाळाच. इथे गुणाकार कशाचा चाललाय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि वर्गातली एखादी हुशार मुलगी लगेच म्हणते की चार वेळा गुणलं तरी एकच येतो. तिचं बरोबर आहे.

त्रैक्य हे कुणी बसून सोडवलेलं कोडं नाही. देव एकच, हे जिवापाड धरून ठेवलेल्या यहुदी माणसांना येशू भेटला. त्याच्यात त्यांना देवच भेटला, आणि पेन्टेकॉस्टला पवित्र आत्मा आला. या तिन्ही गोष्टींतली एकही सोडणं त्यांना शक्य नव्हतं. नेमके शब्द ठरायला पुढे तीनशे वर्षं लागली. शिकवतानाही क्रम हाच ठेवावा: आधी भेट, मग शब्द.

पहिली बैठक: भेट

पहिली दहा मिनिटं फक्त एका देवाला. अनुवाद ६:४ वाचून घ्या. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने हीच ओळ म्हटली, हे मार्क १२:२९ मध्ये दाखवा. मग निर्गम ३:१४. देव मोशेला आपलं नाव सांगतो ते "असण्या"चं नाव आहे. हे पोचवायला मुलांच्या घरातली वस्तू घ्या. जाळं कशाचं? नायलॉनचं. नायलॉन कशातून? खनिज तेलातून. तेल? जमिनीतून. फळ्यावर साखळी मागे मागे नेत राहा. कुणीतरी विचारेलच, "मग देवाला कुणी केलं?" इथे बहुतेक शिक्षक चुकतात. ते देवाला साखळीचा पहिला दुवा करतात, आणि पहिल्या दुव्यालाही मागचा दुवा लागतोच. ख्रिस्ती श्रद्धा सांगते ते वेगळं आहे: देव साखळीतला दुवाच नव्हे. ही अख्खी साखळी ज्याच्यामुळे या क्षणी आहे तो देव. फळ्यावर साखळीच्या टोकाला देव लिहू नका, साखळीच्या खाली हात काढा. चित्र साधं असलं तरी मुलं ते विसरत नाहीत.

पुढची वीस मिनिटं येशूची. घाई कुठेही चालेल, इथे नाही. चार उतारे चार मुलांना वाचायला द्या: मार्क २:५-७, योहान १:१-३, योहान २०:२८, फिलिप्पैकरांस २:६-११. प्रत्येक वाचनानंतर एकच प्रश्न विचारा: हे देवाशिवाय कुणाला शोभतं का? पापांची क्षमा करणं, सगळं निर्माण करणं, "माझा प्रभू व माझा देव" ही हाक मान्य करून घेणं. उत्तर तुम्ही देऊ नका, थांबा.

मग दुसरी बाजू. मार्क १४:३६ मध्ये येशू अटकेआधी गेथशेमानेच्या बागेत पित्याची प्रार्थना करतो. योहान १४:२८ मध्ये तो म्हणतो की पिता आपल्यापेक्षा थोर आहे. हे वचन लपवू नये. आज ना उद्या कुणीतरी ते मुलांपुढे धरून विचारणारच, आणि तेव्हा त्यांना वाटतं की चर्चने आपल्यापासून काहीतरी दडवलं. सरळ सांगा: पुत्र पित्यापासून आहे, पिता कुणापासून नाही; शिवाय बोलणारा हा पुत्र माणूस झालेला आहे, त्याला भूक लागते, झोप येते, भीती वाटते. त्याने नम्र स्थान घेतलं म्हणून त्याचं देवपण उणं झालं नाही. फिलिप्पैकरांसचा उतारा पुन्हा काढायला लावा, तिथे हेच आहे.

योहान १०:३० हे वचन मराठीत विशेष खुलतं: "मी आणि पिता एक आहोत." खडूने "एक" आणि "आहोत" या दोन शब्दांखाली रेघ ओढा. "एक"मुळे दोन देव होत नाहीत. "आहोत"मुळे पिता आणि पुत्र एकमेकांत विरघळत नाहीत. मूळ ग्रीकमध्येही रचना अशीच आहे: क्रियापद अनेकवचनी, आणि "एक" हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणजे एक व्यक्ती नव्हे, एक तत्त्व.

पवित्र आत्म्याला दहा मिनिटं. मराठीत "आत्मा" म्हटलं की गेलेल्या माणसाचा आत्मा आठवतो, "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो" हे वाक्य आठवतं. दुसरी मुलं त्याला वीजप्रवाहासारखी शक्ती समजतात. दोन्हींवर उपाय क्रियापदांचा. प्रेषितांची कृत्ये १३:२-४ मध्ये तो बोलतो आणि पाठवतो, योहान १४:२६ मध्ये शिकवतो आणि आठवण करून देतो, इफिसकरांस ४:३० मध्ये त्याला दुःख होतं. विजेला कधी दुःख होत नाही.

बैठक संपवताना क्रूसाची खूण, पण रोजच्या निम्म्या वेगाने. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. तोंडाने शब्द: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. हात थांबवून विचारा, नावाने की नावांनी? तिघांचा उल्लेख आहे आणि नाव एक. मत्तय २८:१९ मध्येही नाव एकवचनीच आहे. कोर्लईत नो लिंग, वसईत कादोडी, सावंतवाडीकडे मालवणी किंवा कोंकणी, अशी घरची बोली असेल तर आजीकडून हीच प्रार्थना ऐकून यायला सांगा. जुन्या कोंकणी प्रार्थनेत पवित्र आत्म्याला "इस्पिरित सांत" म्हणतात, पण तिथेही "नांवान" एकच. ज्या मंडळीत क्रूसाची खूण करत नाहीत तिथे २ करिंथकरांस १३:१४ चा आशीर्वाद घ्या. काम तेच होतं.

दुसरी बैठक: शब्द

सुरुवातीलाच फळ्यावर दोन प्रश्न लिहा: काय? कोण?

देव "काय" आहे या प्रश्नाला उत्तर एकच: देव. "कोण" आहे याला उत्तरं तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एकाच प्रश्नाला एक आणि तीन अशी दोन उत्तरं दिली असती तर विसंगती झाली असती. प्रश्नच दोन आहेत. "तत्त्व" आणि "व्यक्ती" हे शब्द या दोन प्रश्नांची नावं म्हणून द्या, आधी नाही. "व्यक्ती" ऐकल्यावर मराठी कानाला माणूस दिसतो, तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं. प्रश्न आधी आणि शब्द मागून आला की हा घोटाळा बराच टळतो.

व्याकरणाचा एक सापळा मराठीतच आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. "देव" या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच. एक देव, तीन देव. फरक फक्त क्रियापदात कळतो. म्हणून "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा देव आहेत" हे वाक्य नकळत तीन देव सांगून जातं. म्हणायचं असं: "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे." आदराचं अनेकवचनही इथे घात करतं; "देव म्हणतात" ऐवजी "देव म्हणतो" म्हणा. मराठी माणूस देवाला "तू"च म्हणतो, त्यात अनादर नाही. गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराण या ओवीबद्ध मराठी ग्रंथात फादर थॉमस स्टीफन्स यांनी पहिल्याच ओवीत "देवा बापा" अशी एकवचनी हाक घातली आहे.

आता आकृती. युरोपात मध्ययुगापासून वापरली जाते आणि आजही तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

फळ्यावर टोक खाली असलेला त्रिकोण काढा, प्रत्येक बाजू हातभर. तिन्ही कोपऱ्यांवर सारख्या मापाची वर्तुळं: वर डावीकडे पिता, वर उजवीकडे पुत्र, खाली पवित्र आत्मा. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर रंगीत खडूने "नाही" लिहा. पिता पुत्र नाही, पुत्र पवित्र आत्मा नाही, पवित्र आत्मा पिता नाही. मग त्रिकोणाच्या मधोमध "देव" हा शब्द लिहा आणि तिन्ही कोपऱ्यांपासून तिथपर्यंत पांढऱ्या रेघा ओढून प्रत्येकीवर "आहे" लिहा. मुलांकडून सहा वाक्यं बोटाने रेघ दाखवत वाचून घ्या, दोन वेळा.

चुका ठरलेल्या. मधल्या "देव" शब्दाभोवती वर्तुळ काढलं की वर्तुळं चार होतात, आणि पिता, पुत्र, आत्मा यांच्या पलीकडे देव नावाचं चौथं कुणीतरी आहे असं मुलांना वाटतं. १२१५ साली रोममधल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेला याच चौथेपणाच्या आरोपाला उत्तर द्यावं लागलं होतं. म्हणजे हा गोंधळ आपल्या वर्गापुरता नाही. उपाय सोपा: मध्ये वर्तुळ काढू नका. दुसरी चूक, जागा कमी पडली म्हणून खालचं वर्तुळ लहान काढणं. मुलं ते "आत्मा छोटा" असं वाचतात. म्हणून खालचं वर्तुळ आधी काढा.

उपमा मोडण्यासाठीच वापरा

कुठलीही उपमा पूर्ण बसत नाही. म्हणून ती वापरायची तर मुलांदेखत कुठे मोडते ते दाखवायचंच. बरोबर उपमा शोधत बसण्यापेक्षा मोडलेल्या उपमांतून मुलं जास्त शिकतात.

नारळ घ्या. करवंटी, खोबरं, पाणी. तीन मिळून एक नारळ. कोकणात हे उदाहरण प्रत्येकाला सुचतं. कोयत्याने नारळ फोडा, पाणी पातेल्यात घ्या, खोबऱ्याचा तुकडा हातात धरून विचारा: हा नारळ का? मुलं म्हणतात, नाही, नारळाचा भाग. मग आकृतीकडे वळून विचारा: पिता देवाचा भाग का? "आहे" लिहिलेली पांढरी रेघ दाखवा. पिता म्हणजे एक तृतीयांश देव नव्हे, पुत्रही नव्हे. प्रत्येकात देवपण पूर्ण आहे. नारळ इथे संपला. खोबरं वाटून टाका.

पाणी, बर्फ, वाफ ही दुसरी लाडकी उपमा. बंदरावर बर्फाच्या लाद्या रोज पाहणाऱ्या मुलांना ती पटकन पटते, म्हणूनच जास्त धोक्याची. लादी वितळली की बर्फ राहत नाही, पाणी होतं. तसाच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा असा रूपं पालटतो, ही शिकवण तिसऱ्या शतकात साबेलियस याच्या नावाने ओळखली गेली आणि चर्चने ती नाकारली. "एकच माणूस होडीवर तांडेल, घरी बाप, आईसमोर मुलगा" हे उदाहरणही याच जातीचं. मत्तय ३:१६-१७ वाचा. यार्देन नदीत पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून येतेय, तिन्ही एकाच वेळी. आणि रूपंच पालटत असतील तर गेथशेमानेत येशू कुणाशी बोलत होता?

मेणबत्तीची उपमा सर्वांत बरी. एक पेटवा, तिच्या ज्योतीवर दुसरी पेटवा. पहिलीचा उजेड कमी झाला का? नाही. दुसरीची ज्योत कमी प्रतीची का? नाही. निकेयाच्या विश्वासांगीकारातलं, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतलं, "प्रकाशापासून प्रकाश" असं समजतं. पण लगेच विचारा, दुसरी मेणबत्ती आधी विझलेली होती ना? इथे उपमा मोडते. पुत्र नव्हता असा एकही क्षण नाही. आलेक्झांड्रियाचा पाळक एरियस म्हणत होता की पुत्र नव्हता अशी वेळ होती, म्हणजे पुत्र ही सर्वांत श्रेष्ठ का होईना, निर्मितीच. ३२५ साली निकेयाच्या परिषदेने पुत्र "पित्याशी एकतत्त्व" असल्याचं सांगून ते नाकारलं. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीची कलमं वाढली: प्रभू, जीवनदाता, पिता आणि पुत्र यांच्याबरोबर ज्याची उपासना होते असा. आत्मा "पित्यापासून" निघतो की "पित्यापासून व पुत्रापासून" हा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चमधला वाद कुणी विचारलाच तर दोन वाक्यांत सांगून पुढे जा.

शेजारी विचारतात तेव्हा

कोकणात ख्रिस्ती घर वाडीत एकटं नसतं. मुलांना दोन प्रश्न हमखास येतात.

"म्हणजे आमच्या दत्तासारखं का?" विचारणारा आपुलकीने विचारतो, उत्तरही तसंच असावं. शेजाऱ्याच्या श्रद्धेवर शेरा मारू नये, आपली तेवढी नीट सांगावी: आम्ही पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांची कामं निर्मिती, पालन, संहार अशी वाटत नाही. योहान १:३ प्रमाणे निर्मितीत पुत्र आहे, उत्पत्ती १:२ मध्ये आत्मा आहे. देव जे करतो ते तिघे मिळून करतात. मात्र माणूस झाला तो पुत्रच, एकदाच, आणि पुनरुत्थानानंतरही तो माणूसच आहे. म्हणून "अवतार" ऐवजी "देहधारण" शब्द वापरतात.

दुसरा प्रश्न कोकणी मुसलमान मित्राचा: "देवाला मुलगा कसा असेल?" तो ज्या अर्थाने हे नाकारतो त्या अर्थाने ख्रिस्तीही नाकारतात, इथे शरीर नाही, पत्नी नाही, आधी-नंतर नाही. विश्वासांगीकारात "जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे" असं म्हणतात. सुतार होडी घडवतो, पण होडी सुताराच्या जातीची नसते. मुलगा मात्र बापाच्याच जातीचा असतो. "पुत्र" शब्द एवढंच सांगतो: पिता जे आहे, तेच तो आहे.

"पिता" शब्द जपून

"देव तुझ्या बाबांसारखा" असं वर्गात म्हणू नका. समोर बसलेल्या एखाद्या मुलाचे बाबा दारू पिऊन मारत असतील, किंवा सोडून गेलेले असतील. देव पिता आहे तो आधी पुत्राचा, आपण असण्याच्याही आधीपासून. आणि आपल्याला त्या नात्यात घेतलं जातं, रोमकरांस ८:१५. यशया ४९:१५ आणि ६६:१३ मध्ये तो आईच्या मायेनेही बोलतो. देव पुरुष नाही आणि स्त्रीही नाही, हे स्पष्ट सांगावं.

"देव प्रीती आहे" हे १ योहान ४:८ चं वचन इथेच घ्या. जग नव्हतं तेव्हा देव कुणावर प्रीती करत होता? एकटाच असता तर प्रीती करायला त्याला जग लागलं असतं, म्हणजे काहीतरी उणं असतं. पिता पुत्रावर प्रीती करतो, ती जगाच्या आधीची आहे, योहान १७:२४. त्रैक्य कशाला मानायचं असं विचारणाऱ्याला आम्ही हे उत्तर सर्वांत आधी देऊ.

देव सर्वसमर्थ आहे तर असं का घडतं, हा प्रश्न किनाऱ्यावर पुस्तकी राहत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, त्यानंतर चौथ्याच दिवशी त्रैक्य रविवार होता. बाग गेलेल्या घरातलं मूल विचारतं तेव्हा "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणून पटकन मोकळं होऊ नका. देवाने असं का होऊ दिलं याचा हिशेब बायबल देत नाही. त्यात क्रूसावरचा पुत्र आहे, आणि रोमकरांस ८:२६ मध्ये शब्द सुचत नाहीत तेव्हा आपल्यासाठी कण्हणारा आत्मा आहे. तेवढंच सांगा आणि त्याच्याजवळ बसा.

शिकले की नाही, कसं ओळखावं

लेखी परीक्षा नको. प्रत्येकाला तीन-चार ओळींची प्रार्थना लिहायला सांगा: पित्याला उद्देशून, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यामध्ये. मिस्सातल्या (कॅथलिक उपासनेतल्या) बहुतेक प्रार्थनांची घडणही अशीच आहे. पाठांतर लपवता येतं, प्रार्थनेत समज उघडी पडते. सर्वाधिक आढळणारी चूक अशी: "हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी क्रूसावर मेलास." मरण पावला तो पुत्र, या वाक्यात पिता आणि पुत्र यांच्यातली "नाही"ची रेघ पुसली गेली. मोठी माणसंही घाईत असं म्हणून जातात. दुसरी चूक म्हणजे पवित्र आत्म्याला "ते" किंवा "ती शक्ती" लिहिणं.

प्रार्थना चालू असताना कुणालाही अडवू नका. आमेन झाल्यावर कागद घ्या, मुलाला फळ्याजवळ न्या आणि आपलं वाक्य आकृतीतल्या कुठल्या रेघेवर बसत नाही ते त्यालाच बोटाने शोधू द्या. सापडलं की तो एक शब्द तिथेच बदलून घ्या, आणि पुढच्या रविवारी तीच प्रार्थना त्याला सगळ्यांसमोर म्हणायला सांगा.